बोट वर होण्याआधी निघालेल्या इंदूताई

इंदूताई कापगते यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या मुख्याध्यापकांवर रागावलेल्या होत्या. अड्याळच्या आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. भारताच्या महिला संघाकडून खेळलेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या क्रिकेटपटू, त्यामुळे त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. मैदानावर मुलांचा सामना चालू होता. ताईंनी थोडा वेळ तो पाहिला आणि विचारलं, "पोट्ट्या कोठी आहेत?" मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले, "आत तुमच्या स्वागतगीताची तालीम करत आहेत." ताई म्हणाल्या, "गाणं राहू द्या. मले गाण्यातलं काही समजत नाही. त्यांच्या हाती बॅट द्या." स्वागतगीत त्या दिवशी झालंच नाही. संगीताच्या बाई पुढे कितीतरी दिवस ताईंचं नाव निघालं की तोंड फिरवायच्या.

त्या गाण्यात मी पेटीशेजारी उभी राहणार होते. त्याऐवजी बॅट घेऊन उभी राहिले, आणि ताईंनी पदर खोचून टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर माझा त्रिफळा उडाला. मुलं हसली. ताई जवळ आल्या, माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, "पाय धानाची रोवणी केल्यासारखा काहून रोवून ठेवला वं? उचल ना त्याले." मग नाव विचारलं. वंदना शहारे, मी सांगितलं. "रविवारी लाखनीले येजो," म्हणाल्या आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्या रविवारपासून मी त्यांची शिष्या आहे. आज त्याच शाळेत खेळाची शिक्षिका आहे, केस पिकायला लागले आहेत, तरी ताई समोर आल्या की आधी माझे पाय हलतात.

ताईंच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने मला त्यांच्या कारकिर्दीवर लिहायला सांगितलं. "जरा उत्साहवर्धक लिहा, बाई," अशी सूचनाही केली. प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. ताई भारतासाठी खेळल्या, आणि ऐन भरात एका दुपारी पंचांनी बाद दिलेलं नसताना स्वतःहून मैदान सोडून आल्या. तिथेच त्यांची कारकीर्द संपली. ते बरोबर केलं की चूक, हा प्रश्न गावाला नेहमीच पडलेला होता. ताईंना तो कधी पडला नव्हता. गेल्या काही वर्षांत मात्र त्यांनाही पडला आहे आणि त्याने त्यांना आतून पोखरलं आहे. हे बाजूला ठेवून नुसत्या त्यांच्या धावांचं कौतुक करणं मला खोटेपणाचं वाटतं.

ताई आज ज्या गोष्टीसाठी ओळखल्या जातात ती समजायची तर त्यांचं पहिलं मैदान माहीत हवं. ते मैदान म्हणजे धानाचं खळं. लाखनीपासून आत, तलावाच्या खालच्या अंगाला कापगत्यांची शेती. कापणी झाली की बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, एका कोपऱ्यात जमीन खरडायची, पाणी मारून तुडवायची, शेणाने सारवून वाळवायची आणि त्यावर धान चुरून दाणे मोकळे करायचे. चुरणी आटोपून धान घरी गेलं की ते टणक, सपाट खळं रिकामं पडे. ताई आणि त्यांची चुलत भावंडं तिथे खेळत. धुरा, म्हणजे शेताचा बांध, ही सीमारेषा, चुरलेल्या तणसाचा ढीग हा यष्टिरक्षक. तणसात गेलेला चेंडू शोधताना अंगाला जी खाज सुटे, तिच्यामुळे आपण मागे चेंडू जाऊ न द्यायला शिकलो, असं ताई सांगतात.

खळ्याची एक रीत होती आणि ती खेळाची नव्हती, शेतीची होती. खळ्यावर चप्पल घालून जायचं नाही आणि खळ्यावर खोटं बोलायचं नाही. तिथे धानाची रास पडते, तिथेच तिचं माप होतं, वाटेकऱ्याचा वाटा तिथेच निघतो. म्हणून तिथे जिभेला सांभाळून राहायचं, एवढंच. मोठ्यांची ती रीत पोरांनी जशीच्या तशी खेळात घेतली. खळ्यावर अंपायर कधी नव्हता. बॅटला चेंडू लागून झेल गेला तर खेळणाऱ्याने स्वतः "लागला" म्हणायचं आणि बॅट ठेवायची. कोणी पाहिलं की नाही, हा प्रश्नच येत नसे. ताई सांगतात, त्यांच्या थोरल्या चुलतभावाने एकदा लागलेला चेंडू लागला नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांच्या आजोबांनी त्याला मारलं नाही, रागावले नाहीत, फक्त खळं पुन्हा सारवायला लावलं. सारवून होईस्तोवर आजोबा धुऱ्यावर बसून होते.

त्या खळ्यावरून ताई शाळेच्या संघात, तिथून नागपूरला आणि पुढे भारताच्या संघात गेल्या. आज मुलींचे सामने टीव्हीवर लागतात, लोक नावं पाठ करतात. ताईंच्या काळात यातलं काही नव्हतं. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात किटबॅगवर बसून प्रवास व्हायचा. पॅड एकीने काढले की दुसरीने घालायचे. मुक्कामाला कुठल्यातरी शाळेचे वर्ग असायचे, बाकं बाजूला सारून जमिनीवर पथारी. परदेश दौऱ्यावर निघताना अंगावरचा कोट एका मैत्रिणीचा होता आणि तो खांद्यात घट्ट होता म्हणून ताई विमानतळावर हात वर न करताच सगळ्यांचा निरोप घेत होत्या. हे सांगताना त्या हसतात. मला कधी हसू आलं नाही. इतक्या गुणी माणसांना आपण असं वागवलं, याचा मला अजून राग येतो.

ताईंची फलंदाजी मी पाहिलेली नाही. आमच्यापैकी कोणीच पाहिलेली नाही. तिचं चित्रण कुठे असेल असं वाटत नाही. त्यांच्याबरोबर खेळलेल्या एका बाई मला नागपूरला भेटल्या होत्या. म्हणाल्या, "इंदू खेळायला उतरली की आम्ही डबे उघडायचो. ती लवकर परत येणार नाही याची खात्री असायची." मला वाटतं, एका फलंदाजाचं यापेक्षा मोठं कौतुक होत नाही.

आणि मग तो सामना. मायदेशात होता, पाहुण्या संघाविरुद्धचा शेवटचा. भारत दुसऱ्या डावात धावांचा पाठलाग करत होता, बाकीच्या गडगडल्या होत्या, ताई एक बाजू धरून उभ्या होत्या. विजय नजरेच्या टप्प्यात होता. एक चेंडू किंचित उसळला, बॅटची कड घेऊन यष्टिरक्षिकेच्या हातात गेला. अपील झालं तेही अर्धवट, गोलंदाजालाच खात्री नव्हती. पंचांनी नकारार्थी मान हलवली. प्रेक्षकांनी श्वास सोडला. ताईंनी बॅट काखेत घेतली आणि तंबूकडे चालू लागल्या. दुसऱ्या टोकाची खेळाडू ओरडत होती, "अगं, नाबाद दिलंय." ताईंनी ऐकलं, पण थांबल्या नाहीत. भारत तो सामना हरला. पुढच्या संघात ताईंचं नाव नव्हतं, त्याच्या पुढच्यातही नव्हतं. कारण कोणी दिलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

गावात मात्र सगळ्यांनी विचारलं. बसस्टँडवर, लग्नात, तेरवीत, जिथे जातील तिथे एकच. "काहून निंगाल्या जी?" ताईंचं उत्तरही एकच होतं. "लागला होता ना." पुढे काही नाही. ज्याला ते पटलं नाही त्याला पटवायला त्या बसल्या नाहीत. नोकरी सांभाळली, लग्न केलं नाही, म्हाताऱ्या आईवडिलांचं केलं, आणि दर रविवारी आपल्या शेतातल्या खळ्यावर पोरी गोळा करून शिकवू लागल्या. पुढे आमच्याकडे हार्वेस्टर आलं. उभ्या बांधीतून धान थेट पोत्यात जायला लागलं आणि गावागावांतली खळी मोडली. ताईंनी मात्र चुरायला धान नसतानाही दरवर्षी खळं केलं. लोक वेडात काढत. आम्ही पोरी धुऱ्यावर चपला काढायचो, खळ्यासाठी वेगळे ठेवलेले बूट घालायचो आणि खेळायचो. नियम तोच होता. लागला की निघायचं.

शिकवताना ताईंच्या तोंडाला कुलूप नसतं, हे त्यांच्या हाताखालून गेलेली प्रत्येक जण सांगेल. "बॅट आहे ते, झाडू नाही," "चेंडू काय तुह्या सासरचा हाय का, अशी लाजून खेळतेस," हे आम्ही रोज ऐकलं. पण मुलींच्या घरी गेल्या की त्यांचा आवाज बदले. आमच्यातल्या एका मुलीचं खेळणं घरच्यांनी बंद केलं होतं, उन्हात खेळून काळी पडली म्हणून. ताई तिच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. मला वाटलं आता भांडण होणार. ताई अंगणात बसल्या, मुलीची आई लाखोळीची डाळ निवडत होती, तिच्यासमोरचं दुसरं सूप ओढून घेतलं आणि दुपारभर डाळ निवडली. बियाणं, पाऊस, कोणाच्या घरी कोण बाळंत झालं, सगळं बोलल्या. क्रिकेटचा शब्द नाही. निघताना ती माउली स्वतःच म्हणाली, "रविवारी धाडतो जी तिले. टोपी घालून खेळवजा." ताई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "खडे लय होते वं डाळीत, कंबर गेली माही."

माझ्या आईच्या आजारपणात भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्या माझ्या आधी पोहोचलेल्या असायच्या. आई त्यांना ओळखेनाशी झाली तेव्हाही तिचे पाय दाबत बसायच्या. मी म्हटलं, ताई, तिला काही कळत नाही आता. म्हणाल्या, "पायाले कळते." असं बरंच आहे. ग्रंथात इतर जणीही लिहितील.

मी मात्र माझ्या निवड सामन्याबद्दल लिहिणार आहे, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नागपूरला सामना होता, मी चांगली खेळत होते, आणि माझ्या बॅटची कड लागली. झेल गेला. पंचांना कळलं नाही. मला कळलं. मी निघाले. माझ्याबरोबर खेळणारी मुलगी त्याच सामन्यात तशीच वाचली, उभी राहिली आणि निवडली गेली. मी मौद्यापर्यंत एसटीत रडत आले. ताई शेजारी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस." मला त्यांचा फार राग आला होता. तो राग बरीच वर्षं टिकला. शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवताना कधीतरी मनात येई, त्या दिवशी उभी राहिले असते तर. मग पुढचा विचार, नाही बा, ताईंच्या समोर कसं राहायचं. त्या रागातसुद्धा एक आधार होता. आपण हरलो खरं, पण ताईंसारख्या हरलो.

आता प्राचीबद्दल. प्राची भुरे हे नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे. भारताच्या संघात खेळते, महामार्गावर तिचे मोठमोठे फलक लागले आहेत. ती करडीची. वडील ट्रकवर असायचे, घरी कधी यायचे, कधी नाही. आई दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-निंदणीला जायची. करडीहून रोज येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ताईंनी तिला घरीच ठेवून घेतलं. हात असा की चेंडू बॅटवर येण्याआधी पोरीला तो कुठे पाठवायचा ते ठरलेलं असे. ताई तिला शिव्या कमी द्यायच्या, यावरूनच ती काय चीज आहे ते आम्ही समजून होतो.

तिच्या निवड सामन्याच्या वेळी घरचं वातावरण बिघडलेलं होतं. प्राचीच्या मामाने मुलगा पाहून ठेवला होता. मामा वाईट माणूस नाही. बहिणीचं ओझं हलकं करायला निघाला होता. त्याने ताईंना तोंडावर सांगितलं, "या वक्ती झालं तं ठीक, नाही तं फागुनात उरकून टाकतो. तुमी बी मग मधी पडजा नोको." ताईंनी मान डोलावली. त्या वेळी मी तिथे होते. ताईंचा चेहरा मला बरा दिसला नाही.

सामन्याच्या दिवशी नागपूरला मैदानाच्या कडेला आम्ही तिघी बसलो होतो. प्राची पॅड बांधत होती. ताई खाली वाकल्या, तिच्या पॅडचा पट्टा नीट केला आणि हळूच म्हणाल्या, "आयक. अंपायरनं बोट वर केल्याबिगर निंगजो नोको." प्राचीने वर पाहिलं. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ताईंनी पुन्हा तेच सांगितलं, शब्द न बदलता. प्राची म्हणाली, "लागला तं?" ताई म्हणाल्या, "अंपायर कायले ठेवला हाय मग? त्याचं काम त्याले करू दे." आणि पाण्याची बाटली शोधायच्या निमित्ताने उठून गेल्या. मी तिथेच बसले होते. माझ्या हातातला डबा मी उघडला नाही, इतकं आठवतं.

आणि तो चेंडू आलाच. प्राची अजून जमायची होती. कड लागली, झेल गेला, जोरदार अपील झालं. पंचांनी नकार दिला. प्राचीने बॅट काखेत घेतली, सवयीने पाऊल टाकलं आणि थांबली. तिने आमच्या दिशेने पाहिलं. ताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी हात उचलला, तळवा खाली करून दाबल्यासारखा केला. थांब. प्राची मागे फिरली, उभी राहिली आणि नंतर अशी खेळली की निवड समितीचे लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. तिची निवड झाली. मामाने लग्नाचं नाव काढलं नाही. पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी प्राची पाया पडायला वाकली. वाकलेलीच म्हणाली, "लागला होता, ताई." ताई म्हणाल्या, "मले माहीत हाय. आवाज आला होता मले." मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं खेळली." प्राचीला यात काही सल आहे असं मला वाटत नाही, असावाही का? सगळ्याच उभ्या राहतात, तो खेळाच्या नियमातलाच भाग आहे. हे लिहू का, असं मी तिला फोनवर विचारलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "लिहा ना, वंदनाताई. मी कोठी लपवलं?"

सल लागला तो ताईंना. त्या साली कापणी झाली आणि खळं झालं नाही. मला ताईंच्या भावजयीचा फोन आला, "तुमच्या ताईनं औंदा खळ्याचं नावच काढलं नाही जी. पोरी येऊन परत गेल्या." मी गेले. ताई तलावाच्या पाळीवर बसल्या होत्या. मी चिडून विचारलं, खळं का केलं नाही. म्हणाल्या, "हार्वेस्टर आलं ना. आता खळं कायले?" हार्वेस्टर येऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी तसं म्हटलं.

मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तोंडून निघून गेलं. "मले काहून नाही सांगतलं तवा? माह्या वक्ती का नाही म्हणाल्या, उभी राहाय म्हणून?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुहा बाप मास्तर होता. तू काही ना काही झालीच असती. तिले याच्याबिगर काय होतं, सांग?" मग पाण्याकडे तोंड करून म्हणाल्या, "वंदू, मी येवढे दिवस हेच धरून होती का मी बरोबर निंगाली. संघातून काढलं, लोकं काही बी बोलले, तरी मले झोप लागे. आता मीच तिले म्हणलं, उभी राहाय. ते बरोबर असन, तं मी कायले निंगाली? आन मी बरोबर असन, तं मी पोरीले काय शिकवलं?"

मी शिक्षिका आहे. कोणी काही विचारलं की उत्तर द्यायची सवय आहे. त्या दिवशी मला एक शब्द सुचला नाही. प्राचीसाठी ताईंनी जे दिलं ते त्यांच्याजवळ असलेलं एकमेव होतं, हे मला तेव्हा दिसलं, पण सांगता आलं नाही. ताईंच्या त्या एका उत्तरावर, "लागला होता ना" यावर, त्यांचं सगळं उभं होतं. तेच त्यांनी काढून पोरीच्या पायाखाली घातलं. पोरगी पार झाली. ताई तिथेच राहिल्या. त्यानंतर खळं झालेलं नाही. मुली आता लाखनीत सिमेंटच्या पट्टीवर खेळतात, तिथे ताई येतात, शिकवतात, पण नियमाचं काही बोलत नाहीत. एखादी पोरगी कड लागूनही उभी राहिली तर ताई दुसरीकडे पाहतात. गुडघे दुखतात, खांदा वर जात नाही, चेंडू टाकता येत नाही. ते सगळं वयाचं आहे. दुसरीकडे पाहणं मात्र वयाचं नाही.

प्राची टीव्हीवर दिसू लागल्यावर जिल्ह्याला ताईंची आठवण झाली. समिती झाली, निधी झाला, हा ग्रंथ निघाला. उशिरा का होईना झालं, याचा आनंद आहे. समितीतल्या किती जणांना हे नाव आधी माहीत होतं, असं मी विचारणार नाही. माझ्याकडे मानपत्राचा मजकूर लिहायचं काम आलं. आपल्याकडची रीत आहे, मानपत्र आधी सत्कारमूर्तींना वाचून दाखवायचं, नावागावाची चूक राहू नये म्हणून. मी गेल्या महिन्यात ताईंच्या घरी गेले. दुपारची वेळ होती, त्या पडवीत गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. मी वाचत गेले. भारताचं प्रतिनिधित्व केलं, हो म्हणाल्या. ग्रामीण भागातल्या मुलींना घडवलं, त्यावर "घडवलं काय, हाकललं म्हण," म्हणाल्या. मग मी वाचलं, "खेळातील सचोटीचा आपण मूर्तिमंत आदर्श आहात."

ताईंचा हात थांबला. म्हणाल्या, "ते काढ."

मी विचारलं, "काहून?"

"ते आता माहं नाही. पोरीले थांब म्हणलं तवाच ते गेलं. भारतासाठी खेळली, ते खरं हाय. पोरी शिकवल्या, ते बी खरं हाय. हे खोटं हाय. खोटं घेऊन मी त्या खुर्चीवर बसत नाही."

मी वाद घातला. म्हटलं, ताई, कोणाला माहीत आहे? त्या दिवशी ते बोलणं ऐकायला फक्त आपण तिघी होतो. सगळा जिल्हा टाळ्या वाजवायला बसला आहे, एक माणूस उठून विचारणार नाही. ताई म्हणाल्या, "कोणी इचारते का नाही, ते मले कायले सांगतेस?" आणि पुन्हा तेल चोळायला लागल्या.

मी पेन काढून ती ओळ खोडली आणि घरी आले. एसटीत बसल्यावर मला कळलं की आत्ता आपल्यासमोर काय झालं. ताईंचा तो शेवटचा सामना मी पाहिला नव्हता म्हणून मला आयुष्यभर चुटपुट होती. त्या दुपारी पडवीत मी तो पाहिला. कोणाचं अपील नव्हतं. पंचांचं बोट वर झालेलं नव्हतं. साऱ्यांना त्या नाबाद दिसत होत्या. आणि ताई "लागला" म्हणून स्वतःहून निघाल्या होत्या.

ताई, तलावाच्या पाळीवर आपण मला जे विचारलंत त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देते. प्राचीला आपण थांब म्हणालात, कारण त्या पोरीवर आपला जीव होता. आणि त्याची किंमत तिच्याकडून न घेता स्वतःच्या नावातून वजा केलीत. असं करणारं माणूस त्या सामन्यातून निघालं तेही चुकलं नव्हतं, आणि आपल्या मागे मी निघाले तेही चुकलं नव्हतं. मानपत्रातली ओळ आपल्या आज्ञेप्रमाणे काढलेली आहे, समारंभात ती कोणी वाचणार नाही. हा लेख मात्र माझा आहे आणि तो मी आपल्याला आधी वाचून दाखवलेला नाही. खेळातील सचोटीचा आपण मूर्तिमंत आदर्श आहात. आपले गुडघे बरे होवोत, रात्री झोप लागो, आणि आमच्या डोळ्यांदेखत आपण पुष्कळ वर्षं, खणखणीत तब्येतीने, आम्हाला शिव्या देत जगावं, एवढंच मागते.